घोड्याच्या चिलखताचे अर्थकारण

एप्रिल २००६ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा कंपनीने आपल्या ‘ऑब्लिव्हियन’ या संगणकीय खेळातील घोड्यासाठी चिलखत विकावयास काढले. किंमत अडीच डॉलर. पूर्ण किंमत मोजून खेळ घेतलेल्यांकडूनच पडद्यावरच्या घोड्यासाठी पुन्हा पैसे मागितले गेले, याचे तेव्हा बरेच हसे झाले. आज हसण्यासारखे काही उरलेले नाही. अनेक खेळ आता फुकट दिले जातात आणि त्यांची कमाई अशा चिलखतांवर, पोशाखांवर व शस्त्रांवरच चालते.

मनोरंजनासाठी पैसे मोजण्यात गैर काही नाही. नाटकाचे तिकीट काढणारा रसिकही घरी कोणती वस्तू घेऊन येत नाही. पण तिकिटावर किंमत रुपयांत छापलेली असते. येथे आधी रुपये देऊन खेळातील नाणी किंवा ‘हिरे’ घ्यावे लागतात. ते ठराविक गठ्ठ्यांतच मिळतात, वस्तूच्या किमतीशी त्यांचा मेळ बसत नाही, आणि उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा खरेदी होते. जिच्या लाखो प्रती काढण्यास जवळजवळ खर्च नाही, ती वस्तू ‘मर्यादित काळासाठी’ म्हणून दुर्मीळ ठरवली जाते. ही टंचाई सर्वस्वी मालकाने निर्माण केलेली आहे. खरेदीदाराच्या हाती मालकी येत नाही, केवळ वापराची परवानगी येते. कंपनीने खेळ बंद केला की सारे संपले.

या मायावी बाजारातही श्रम मात्र खरेच असतात. २००७ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पुरवणीने चीनमधील नानजिंगच्या अशा कामगारांची हकीकत प्रसिद्ध केली होती. रात्रपाळीला बारा-बारा तास ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ खेळून ते त्यातील सोन्याची नाणी गोळा करीत. शंभर नाण्यांमागे कामगाराला सुमारे सव्वा डॉलर मिळे. तीच नाणी पाश्चात्त्य खेळाडूला वीस डॉलरपर्यंत विकली जात. वस्तू आभासी असली, तरी शोषणाचा हिशेब गिरणीतल्यासारखाच होता.

याहून गंभीर प्रकार बंद पेट्यांचा आहे. पैसे भरून पेटी उघडावयाची; आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये तीन नामांकित खेळांतील अशा पेट्या जुगारच आहेत, असा निर्णय दिला. परंतु २०२२ मधील एका पाहणीत, त्या देशात सर्वाधिक कमाई करणाऱ्या शंभर आयफोन खेळांपैकी ८२ खेळांत या पेट्या तशाच आढळल्या. अंमलबजावणीची यंत्रणा नसेल तर कायदा कागदावरच राहतो, हा धडा आपणही घ्यावयास हवा.

आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये, पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. त्याचा मुख्य रोख पैसे जिंकण्याच्या आमिषावर आहे. पेटीतून एखादा पोशाख निघेल या आशेने बापाच्या मोबाइलवरून पैसे उडवणारे मूल त्याच्या संरक्षणाबाहेरच राहण्याचा धोका आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत दाखवावी. अज्ञान मुलांना नशिबाच्या पेट्या विकण्यास मनाई असावी. पालकांच्या संमतीविना झालेल्या खरेदीचे पैसे परत मिळावेत. हे अशक्य नाही. खेळाडूंना फसवून नको असलेली खरेदी करावयास लावल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’च्या मालक कंपनीस २४ कोटी ५० लाख डॉलर ग्राहकांच्या परताव्यासाठी देणे भाग पाडले.

महिन्याच्या पगारातून पाचशे रुपये नाहीसे झालेले पाहून मुलावर हात उगारणाऱ्या पालकाचा संताप आम्ही समजू शकतो. परंतु तज्ज्ञांची फौज पदरी बाळगून विणलेल्या जाळ्यात दहा वर्षांचे पोर सापडले, तर अपराधी ते पोर नव्हे. जाब विचारावयाचा तो जाळे विणणाऱ्यांना.