माझी पहिली डीएनएफ

बेंगळुरूला बदली झाली तेव्हा एनडीएतला एक कोर्समेट फोनवर म्हणाला, "तिथली पहाट वाया घालवू नकोस." खरंच होतं. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवरचं शहर, मे महिन्यातही पहाटे पळता येईल अशी हवा आणि बाहेर पडलं की नंदी, मकालीदुर्ग, रामनगरचे खडक. खडकवासल्याच्या क्रॉसकंट्रीने मला पळायला लावलं, पण गोडी लावली ती इथल्या पायवाटांनी. ४२ किलोमीटरच्या पुढे कधी गेलो, कळलंच नाही.

आज मात्र लिहायचंय ते थांबण्याबद्दल. शर्यत अर्धवट सोडली की निकालात नावापुढे 'डीएनएफ' लागतं. आम्हा फौजींना ही तीन अक्षरं शिवीसारखी वाटतात. ती तशी वाटू नयेत, असं माझं मत आहे. हे मत मला फुकट मिळालेलं नाही, आणि त्याची किंमतही मी मोजलेली नाही.

काही वर्षांपूर्वी ८० किलोमीटरच्या एका डोंगरी शर्यतीत माझ्या कंपनीतला साताऱ्याकडचा एक नाईक माझ्याबरोबर धावत होता. पन्नासाव्या किलोमीटरच्या आसपास त्याची नडगी दुखायला लागली. मदत केंद्रावर मिठातले बटाटे खाताना मी विचारलं, "जमेल ना?" प्रश्नच चुकीचा होता. साहेबाने असं विचारल्यावर जवान नाही कसं म्हणणार? "तुम्ही आहात तोवर मीपण आहे, साहेब." आम्ही शर्यत पूर्ण केली, पदकं घालून फोटो काढले. नंतर त्याच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. लो मेडिकल कॅटेगरी लागली, हवालदारकीचा कॅडर हुकला. तो एका शब्दाने बोलला नाही. त्याच्या आईने मात्र फोनवर विचारलं, "साहेब, ही पळापळ ड्युटीतली होती का?"

मी "नाही" म्हणालो. पुढे बोलण्यासारखं काही नव्हतं.

गंमत म्हणजे माघार कशी घ्यायची, हे आम्हाला रीतसर शिकवलं जातं. चढाई आणि बचावाइतकाच तोही युद्धाचा भाग आहे. जुलै १६६० मध्ये महाराज भर पावसात पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले. रात्रीच्या अंधारातली साठेक किलोमीटरची ती वाट म्हणजे आजच्या भाषेत अल्ट्राच, आणि होती ती माघारच. बाजीप्रभूंनी खिंड अडवली ती ही माघार पार पडावी म्हणून. आपण खिंड लक्षात ठेवतो आणि माघार विसरतो.

आता कोणी माजी सैनिक म्हणेल, दुखतंय म्हणून थांबायला लागलो तर कोणी पोहोचणारच नाही. बरोबर आहे. म्हणून दुखण्यातला फरक ओळखायला हवा. मांड्या भरून येतात, पोट ढवळतं, साठाव्या किलोमीटरला जग नकोसं होतं. थोडं खाल्लं, दहा मिनिटं चाललं की हे बहुतेकदा निवळतं. हाडाचं दुखणं मात्र बोट ठेवून दाखवता येतं, पावलागणिक वाढतं आणि तुमची चाल बदलतं. चाल बदलली की थांबा. लघवी काळपट चहासारखी झाली तर थांबा आणि थेट डॉक्टर गाठा. भिजलेल्या अंगाने बरळायला लागलेला गडी स्वतः थांबणार नाही, त्याला तुम्ही थांबवा. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या शर्यतीत हवामान अचानक फिरलं आणि गारठ्याने २१ धावपटू गेले. त्यांत कसलेले धावपटूही होते.

इथल्या कंठीरव स्टेडियमवर जुलै २०२२ मध्ये आशिया-ओशनियाची २४ तासांची स्पर्धा झाली. भारताच्या पुरुषांनी सांघिक सुवर्ण जिंकलं आणि अमरसिंग देवंदा यांनी अडीचशे किलोमीटरहून जास्त अंतर कापलं. ट्रॅकवर त्याच त्या चकरा. तिथे तुम्ही थांबता तिथवरचं अंतर तुमच्या नावावर राहतं. डोंगरातल्या शर्यतीत ते पुसलं जातं, एवढाच फरक. पाय तर तेवढेच पळालेले असतात.

गेल्या हिवाळ्यात ५८ व्या किलोमीटरला माझा गुडघा उतारावर आतून टोचू लागला आणि मी पाय ओढत चालायला लागलो. पुढच्या केंद्रावर छातीवरचा नंबर काढून दिला. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. गाडीत बसल्यावर पहिला फोन त्या नाईकाला केला. तो दोन क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं केलंत, साहेब. बर्फ लावला का?"