विज्ञान प्रदर्शन नुसतं बघू नका, सोबत करा!

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की घरोघरी एकच धावपळ. थर्माकोल आणा, रंग आणा, नाहीतर सरळ दुकानातून तयार मॉडेलच आणा! त्या दिवशी आई-बाबा शाळेत जातात, फोटो काढतात आणि परत येतात. पण "हे असं का होतं?" असं कुणी विचारलं, की मूल आपल्याकडे बघतं आणि आपण मोबाईलकडे. मॉडेल घरी आलं, विज्ञान दुकानातच राहिलं.

तुमच्याकडेही असंच होतं का? मग आपल्याच रेल्वेमार्गावरची एक गोष्ट वाचा. झाशीहून भोपाळच्या पुढे गेलं की होशंगाबाद लागतं, आताचं नर्मदापुरम. १९७२ मध्ये तिथल्या १६ शाळांत मुलं स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकू लागली. १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतून वर्षभराची रजा घेऊन इंजिनियर अरविंद गुप्ता तिथे गेले. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांनी मुलांसाठी खेळणी तयार केली. पुढे पुण्याच्या 'आयुका'तही त्यांनी मुलांसोबत हेच काम केलं.

या रविवारी घरी करून बघा

काड्यांचा गूल आधी मोठ्यांनी खरवडून काढा. नळीचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. तीन काड्या आणि तीन तुकडे जोडून त्रिकोण बनवा, चार-चार जोडून चौकोन. आता दोन्ही बोटांनी दाबा. चौकोन शंकरपाळीसारखा तिरका होईल, त्रिकोण मात्र हलणार नाही. कारण तिन्ही बाजूंची लांबी ठरली की कोनही ठरतात. कोन बदलायचा तर काडीच मोडावी लागेल! म्हणूनच लोखंडी पुलांवर आणि विजेच्या टॉवरवर त्रिकोणच त्रिकोण दिसतात.

आता आजोबांना विचारा, असे त्रिकोण त्यांनी कुठे पाहिले? झाशीत रेल्वेचा वॅगन दुरुस्तीचा कारखाना आहे, 'भेल'मध्ये ट्रान्सफॉर्मर बनतात. तिथे आयुष्यभर हात काळे केलेली माणसं आपल्याच घरांत आहेत. "आम्हाला कुठे विज्ञान येतं?" असं तीच म्हणतात आणि मुलांनाही ते खरं वाटतं.

म्हणून पुढच्या पालकसभेत गुणांची चौकशी झाली की एवढंच विचारा: "महिन्यातून एक तास आम्हाला मुलांसोबत प्रयोगाला बसू द्याल का?" शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर उत्तमच. २०१६ पासूनच्या या योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला २० लाखांपर्यंत मदत मिळते. लॅब नसेल तरी अडणार नाही. काडेपेटी आहे, सायकलचं दुकान आहे आणि घरात आजोबा आहेत.

तुमचा त्रिकोण जमला का? मुलांना विचारा, पाच काड्यांचा आकार टिकेल का? उत्तर सांगू नका, करू द्या!