भाडेवसुलीला स्थगिती मिळाली, खोली कुणाची वाचली?

२९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला : कामगारांकडून एक महिन्याचे भाडे मागू नका, खोली खाली करायला लावाल तर कारवाई होईल. १७ एप्रिलला महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना दिल्या की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, थकबाकीसाठी कुणालाही काढू नका. कागदावर भाडेकरू सुरक्षित झाला.

भिवंडीत यंत्रमाग थांबले आणि मजुरीही थांबली. इथल्या एका खोलीत आठ-दहा कारागीर पाळीपाळीने झोपतात, जेवण भिशीत. भाडेकरार कुणाच्या नावावर? बहुतेकदा कुणाच्याच नाही. हजारो कारागीर चालत, मिळेल त्या ट्रकने गावी निघाले. त्यांना कुणी बाहेर काढले नव्हते. खोली उपासमारीने रिकामी केली, आणि स्थगितीचा भंग कुठेच झाला नाही!

दुसरी गोष्ट अशी की 'पुढे ढकलणे' म्हणजे 'माफ' नव्हे. बंद महिन्यांचे भाडे थकबाकी होऊन उभेच राहिले. घरमालकांचेही एकच चित्र नाही. चाळी बाळगणारा वेगळा, आणि फंडाच्या पैशातून दोन खोल्या बांधून त्यावर घर चालवणारी विधवा वेगळी. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते थांबवले, पण व्याज चालूच राहिले. सरकारने स्वतःचा रुपया न घालता एकाचा भार दुसऱ्यावर टाकला. आम्ही भाडेकरूच्या बाजूने आहोत, तरी याला न्याय म्हणवत नाही.

तात्पुरत्या बंदीचा आपला जुना अनुभवही आहे. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा मुदतीचा होता. मुदती वाढत गेल्या, तो पन्नास वर्षांहून अधिक टिकला, भाडी गोठली आणि मालकांनी डागडुजी सोडली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गोठलेली भाडी अवाजवी ठरवली. भाडेकरूला खोलीत राहू देणे आणि त्याला सुरक्षित ठेवणे एकच नाही. धामणकर नाक्याजवळची जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. तिचे कारण स्थगिती होती असे आम्ही म्हणत नाही. पण मोडकी खोलीही माणूस का सोडत नाही? दुसरी मिळेल याची खात्री नसते. आपल्या माणसाला तर भाड्याआधी आडनाव विचारतात. बडोद्याची आठवण वाचकांना वेगळी करून द्यायला नको.

पुन्हा अशी वेळ आली तर सरकारने भाड्याचा काही वाटा स्वतः उचलावा, ही आमची मागणी आहे. तोवर हातात १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. कलम ५५ नुसार लेखी, नोंदणीकृत करार करणे ही मालकाची जबाबदारी. तो नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य. कलम २९ नुसार पाणी-वीज तोडता येत नाही. कलम २६ नुसार पावती द्यावीच लागते. या महिन्याचे भाडे देताना ती मागून घ्या.