पहिले तीन आठवडे खोगिराविना

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठच्या सारंगखेड्यात घोडेबाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी घोडे घेऊन उतरतात. चर्चा होते ती देवमण आहे का, पंचकल्याण आहे का अशा शुभलक्षणांची, रेवाळ चाल कशी पडते याची, आणि वृत्तपत्रांत छापून येतात त्या लाखांच्या बोली. सौदा झाला, घोडा गाडीत चढला की सगळ्यांचा रस संपतो. घोड्याची कसोटी मात्र तिथून पुढे लागते. तबेला नवा, पाणी नवे, माणूस नवा आणि वर डिसेंबरची थंडी. अशा वेळी मालकाला सर्वांत मोठी घाई असते ती खोगीर चढवण्याची. ही घाई घोड्यालाही महागात पडते आणि मालकालाही. नव्या घोड्याचे पहिले तीन आठवडे शिकवण्यासाठी वापरू नयेत, ते त्याला रुळण्यासाठी द्यावेत.

याचे पहिले कारण घोड्याच्या पोटात आहे. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्यात आम्ल चोवीस तास झरत राहते. म्हणून निसर्गाने त्याला दिवसभर थोडेथोडे चरणारा प्राणी केले. तासन्‌तास उपाशी प्रवास झाला, वर धास्ती असली की जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो. चाऱ्याचे पचन होते मोठ्या आतड्यातल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर, आणि ते नव्या खाद्याला सरावायला दोन-तीन आठवडे घेतात. काल कोरडे गवत खाणाऱ्या घोड्यापुढे आज लसूणघासाचा भारा आणि हरभऱ्याची भरपूर चंदी ठेवली, तर पोटशूळ उठू शकतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटातला बिघाड पाहता पाहता जिवावर बेततो. म्हणून विकणाऱ्याकडून आठवडाभराचा जुना चारा सोबत आणावा आणि नवा त्यात रोज थोडाथोडा मिसळत जावा.

थंडीने हा प्रश्न अधिक अवघड होतो, पण लोक समजतात त्या कारणाने नव्हे. घोडा थंडी चांगली सोसतो. दिवस लहान होऊ लागले की त्याच्या अंगावर दाट केस येऊ लागतात आणि चारा पचताना निर्माण होणारी ऊब त्याला आतून शेकते. थंडीच्या रात्री त्याला चंदीपेक्षा चाऱ्याची गरज जास्त असते. खरा धोका पाण्याचा आहे. गार आणि अनोळखी चवीचे पाणी घोडा कमी पितो. त्यात कोरडा कडबा पडला की आतड्यात चारा अडकून बसतो. कोमट पाणी आणि चाटायला मीठ हा साधा उपाय आहे. दुसरी चूक मायेपोटी होते. वारा लागू नये म्हणून तबेल्याला चारी बाजूंनी ताडपत्री लावली जाते. मग मूत्रातला अमोनिया आणि कडब्याची धूळ आतच कोंडते आणि प्रवासात डोके वर बांधून आणल्याने आधीच दमलेली फुप्फुसे आणखी त्रासतात. अंगावर थेट झोत येऊ नये, पण हवा खेळती राहावी, एवढेच पाहायचे.

तीन आठवड्यांचा हिशेब संसर्गाच्या दृष्टीनेही जुळतो. बाजारात अनेक राज्यांची जनावरे एकत्र येतात. स्ट्रँगल्ससारखा घशाच्या गाठींचा आजार अंगात असला, तर तो साधारण पंधरवड्यात दिसू लागतो. ग्लँडर्स तर माणसालाही होतो आणि बाधित घोड्याला मारण्यावाचून पर्याय उरत नाही. म्हणून नवा घोडा जुन्यांपासून वेगळा ठेवावा, त्याची बादली आणि खरारा वेगळा असावा. मात्र घोडा कळपाचा प्राणी आहे, एकटेपणाने तो खंगतो. दुसरा घोडा त्याला दुरून दिसत राहील अशी जागा निवडावी.

यावर अनुभवी चाबूकस्वारांचा आक्षेप असा की, नुसता बांधलेला घोडा बिघडतो आणि खानदेशचा उन्हाळा पाहता शिकवण्याचा हंगाम हिवाळ्याचाच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण खोगीर न घालणे म्हणजे अगाडी-पिछाडी लावून दावणीला ठेवणे नव्हे. रोज हाताने फिरवणे, मोकळ्या आवारात सोडणे, पाय उचलू द्यायला शिकवणे, एकाच मोतद्दाराने ठरल्या वेळी चारापाणी करणे हेही शिक्षणच. लगामाचा ताण घोड्याने ऐकताच सैल होतो, हे उमगणे हा घोड्याच्या शिक्षणाचा पाया आहे. भेदरलेल्या घोड्याला ते उमगत नाही. पुढे काम सुरू झाले तरी गार सकाळी पहिली दहा-पंधरा मिनिटे संथ चाल हवी आणि शेवटी घाम वाळेपर्यंत त्याला फिरवावे. दुसरा आक्षेप पैशाचा. लग्नसराई चालू असते, घोडीवर कर्ज असते, खाडा परवडत नाही. ही अडचण खरीच आहे. पण पोटशुळाने घोडी गेली तर कर्ज तसेच राहते आणि हंगामही जातो. तिसरा आक्षेप इतिहासाचा: मराठ्यांच्या घोड्यांनी रोज नवा मुक्काम केला, त्यांना कोणी आठवडे दिले? त्या घोड्यांचा मुक्काम बदलत असे, पण स्वार आणि सोबतचे घोडे रोज बदलत नसत. शिवाय पावसाळ्यात छावणी पडे. चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेल्या पत्रात दाणावैरण आधीच उधळली तर पुढे घोडी उपाशी मरतील, अशी सक्त ताकीद आहे. त्या घोडदळाचे बळ या काळजीवरही उभे होते.

घोडेबाजाराच्या आयोजकांनी आणि पशुसंवर्धन विभागाने दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. प्रत्येक विक्रीपावतीसोबत घोड्याच्या रोजच्या खाद्याची चिठ्ठी असावी आणि ग्लँडर्सच्या तपासणीचा दाखला असावा. यांना फारसा खर्च नाही. उरलेले काम खरेदीदाराचे. लाखो रुपये मोजताना ज्याने देवमण तपासला, त्याने तीन आठवडे थांबण्याची तयारीही तपासावी. ती नसेल, तर यंदा घोडा घेऊ नये.