मेहंदीची रात्र आणि मोबाईलवरची बातमी

लग्नसराई आली की आमच्या कोकणातल्या मोहल्ल्यात बायकांच्या हाताला उसंत नसते. मसाला आता गिरणीवरून दळून येतो, भांडी भाड्याने मिळतात. पण तांदूळ निवडायला आणि लसूण सोलायला माणसंच लागतात. आणि दहा बायका सुपं घेऊन बसल्या की गाणं आलंच. काम आणि गाणं यांची सोबत आपल्या मुलखात जुनी आहे. विजापूरच्या सूफी परंपरेत दखनी भाषेतले चक्कीनामे आणि चरखानामे आहेत. जातं ओढताना, सूत काढताना बायका ते म्हणत, आणि दीनाची गोष्ट पिठाबरोबर घरात उतरत असे. मराठी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या तर गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नातून एक लाखाहून जास्त गोळा झाल्या. आता घराघरातलं जातं गेलं. ढोलकी तेवढी राहिली, तीही मेहंदीच्या रात्रीपुरती.

त्या रात्री आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं जातं. थोरल्या बायका टाळ्यांवर गातात, मुली मोबाईलवर बघून बसवलेला नाच करतात, आणि एखादी साठीची खाला पदर खोचून अशी काही गिरकी घेते की मुली थक्क होतात. हे योग्य की अयोग्य, यावर दर लग्नात एक जण तरी विषय काढतोच. ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरी मुली गात होत्या, त्यांना गाऊ दिलं गेलं, ही हदीस एक बाजू सांगते; दुसऱ्या बाजूकडेही तिचे दाखले असतात. उलेमांचा मतभेद आम्ही तांदूळ निवडता निवडता सोडवणार नाही. आम्हाला सध्या दुसराच प्रश्न पडला आहे.

गेल्या हंगामात अशाच एका रात्री ढोलकी रंगात आली होती. कोपऱ्यातल्या मोबाईलवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला: जहाजाला आग, माणसं पाण्यात उड्या टाकतायत. वर ना तारीख, ना जहाजाचं नाव. खोलीतल्या एका भाभीचे शौहर जहाजावर कामाला आहेत. तिच्या हातातलं मेहंदीचं ताट तिथेच खाली ठेवलं गेलं. ढोलकी थांबली. तास-दीड तास फोन लागेना. लागला तेव्हा ते झोपले होते! व्हिडिओ कित्येक वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच समुद्रातला निघाला. पाठवणाऱ्याने लिहिलं होतं, “जसा आला तसा पुढे पाठवला.”

हे “जसा आला तसा” प्रकरण साधं नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेसाठी फिरणाऱ्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा तेव्हा मोबाईलवरून गावोगाव फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. पाच ठिकाणंही कमी नाहीत म्हणा.

पण सगळ्याच बातम्या खोट्या नसतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. १२ जून २०२४ ला कुवेतमधल्या मंगाफ इथे कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि चाळीसहून जास्त भारतीय गेले. बकरी ईद पाच दिवसांवर होती. आमच्याकडे एक घर सोडून एक माणूस आखातात. दिवसभर प्रत्येक जण कुणाला ना कुणाला फोन लावत होता, आणि “बोलणं झालं” हा निरोप गल्लीतून फिरत होता.

वडीलधारी अशा वेळी १९९० काढतात. २ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि फोन बंद, पत्रं बंद. घरात रेडिओ तेवढा. अम्मानहून विमानांनी सुमारे १ लाख ७० हजार भारतीय परत आणले गेले, पण आपला माणूस त्यात आहे का, हे तो दारात उभा राहीपर्यंत कळत नसे. तेव्हा बातमी कमी होती म्हणून त्रास कमी होता, असं कुणी म्हणू नये.

तेव्हाची रीत मात्र ठरलेली होती. मोहल्ल्यात मय्यत झाली की लग्नघराची ढोलकी उलटी ठेवायची, आणि त्या घरी जेवण पाठवायचं. दुःख किती जवळचं, हे दारावरून कळायचं. मोबाईलने सगळ्या जगाची दारं एकाच गल्लीत आणली. प्रत्येक बातमीला ढोलकी उलटी ठेवायची तर कुठल्याच मुलीला मेहंदी लागणार नाही. कशालाच ठेवायची नाही, तर मग आपण कसली माणसं?

आम्हाला त्या जुन्या रीतीतला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: जेवण पाठवण्याचा. २२ जुलै २०२१ ला महाड-चिपळूण पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्या आठवड्यात कित्येक घरांतल्या बायकांनी तव्यावरून मान वर केली नाही. भाकऱ्या थापत होत्या, बांधून देत होत्या. बातमी बघायला वेळच नव्हता, आणि रात्री झोप लागत होती. रिकाम्या हाताने स्क्रीन सरकवणाऱ्यांना ती लागत नव्हती.

मुलींशी यावर बोलणं झालं. एकीने सरळ विचारलं, “म्हणजे आम्ही नाचायचं की नाही?” खाला म्हणाली, “नाच गं. पण आधी त्या भाभीचा फोन लागू दे.”

येत्या लग्नासाठी ठरलंय असं: मेहंदीच्या रात्री सगळे मोबाईल बाहेरच्या खोलीत, भाताच्या टोपात. ज्यांचे शौहर जहाजावर किंवा आखातात आहेत त्यांना मुभा, पण फक्त रिंग वाजली तर उचलायची. टोपावर झाकण कोण ठेवणार, यावरून मात्र अजून वाद चालू आहे.