मामांचा चाकू

गेल्या मे महिन्यात सुट्टी लागताच आम्ही घरातील टेबलाचा खण आवरावयास घेतला आणि तळाशी मामांचा चाकू हाती आला. मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत सुभेदार होते. १९९४ साली आम्ही मराठी विषय घेऊन एम. ए. झालो, तेव्हा त्यांनी आपल्या नित्य वापरातील हा लाल मुठीचा, स्विस घडणीचा चाकू आमच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "पुस्तकं पुष्कळ वाचलीस. आता एखादा स्क्रूही आवळायला शीक."

मूठ अवघी ९१ मिलिमीटर लांबीची. परंतु तिच्या पोटात दोन पाती, कात्री, आरी, पेचकस, डब्याचे झाकण कापण्याचा आकडा आणि बूच काढण्याचे मळसूत्र अशी सारी मंडळी एकत्र कुटुंबासारखी नांदत असतात. मळसूत्राचा उपयोग आमच्या घरी सुतळीच्या गाठी सोडविण्यापलीकडे कधी झाला नाही, हे सांगणे न लगे.

या चाकूचा पूर्वेतिहासही मोठा मनोरंजक आहे. कार्ल एल्सेनर या कारागिराने १८८४ साली स्वित्झर्लंडमधील इबाख येथे आपला कारखाना काढला आणि १८९१ पासून तो स्विस सैन्याला चाकू पुरवू लागला. शिपायाला बंदूक खोलता यावी आणि डबाबंद अन्न उघडता यावे, एवढीच मूळ अपेक्षा होती. पुढे १८९७ साली त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू सिद्ध केला. त्यातील खुबी अशी, की पाठीच्या एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची हत्यारे पेलली जात. जागा न वाढविता कामे वाढविण्याची ही युक्ती आजही या चाकूंचा पाया आहे.

एवढ्या गुणी वस्तूची आम्ही मात्र आबाळच केली. पात्याने पत्र्याची झाकणे उचकटून त्याचे टोक बोथट केले. एकदा चाकू शहाबादी फरशीवर पडला आणि मुठीच्या एका पट्टीला तडा गेला. दातकोरणे हरवले, कात्रीची स्प्रिंगही गेली. आता सुट्टी आहे, तेव्हा चाकूचा जीर्णोद्धार करावा, असे आमच्या मनाने घेतले.

आमचा पुतण्या बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर काम करतो. त्याने चाकू उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "काका, निम्मं काम तर घरबसल्या होईल." या मुठीवरच्या लाल पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसतात. आतील रिव्हेटांची डोकी किंचित वर आलेली असतात, त्यांवर त्या दाबून बसविलेल्या असतात. एका कडेने पातळ पाते हळूच सारले की पट्टी सुटून येते. नव्या पट्ट्या निराळ्या विकत मिळतात. काहींत लहान पेन आणि टाचणी ठेवण्याची खाचही असते. दातकोरणे, चिमटा, कात्रीची स्प्रिंग हीदेखील सुटी मिळतात. शिवाय मळसूत्रात फिरवून बसविता येईल असा, चष्म्याचे स्क्रू आवळण्याचा इवलासा पेचकसही मिळतो.

ही यादी ऐकून आमचा लोभ वाढला. पुतण्याने शिसवी लाकडाच्या दोन पट्ट्या घासूनपुसून अशा सुबक बसविल्या, की चाकू ओळखू येईना. स्प्रिंग आली, दातकोरणे आले, चष्म्याचा पेचकस आला. मग आम्ही म्हटले, "एक करवतही असती तर!"

पुतण्या हसला. "काका, करवत म्हणजे आणखी एक थर. रिव्हेटांची डोकी कानशीनं घासून त्या काढायला हव्यात, लांब पितळी सळ्या घालून पुन्हा ठोकायला हव्यात. जास्त ठोकलं तर पाती उघडणार नाहीत, कमी ठोकलं तर डुगडुगतील. आणि चाकू खिशात मावायचा नाही तो नाहीच."

तरीही आम्ही हट्ट सोडला नाही. करवतीचे काम पुढच्या रविवारी करावयाचे ठरले. जुन्या पट्ट्या कागदात गुंडाळून आम्ही केराच्या टोपलीशेजारी ठेवल्या.

मधल्या गुरुवारी मामी आल्या. मामांना जाऊन आता आठ वर्षे झाली. मामींचे वय ऐंशीच्या घरात. दृष्टी अधू झालेली, जग बरेचसे बोटांनीच पाहतात. पन्ह्यासाठी कैऱ्या आणल्या होत्या. आम्ही मोठ्या उत्साहाने चाकू त्यांच्या हाती दिला आणि म्हटले, "मामी, मामांचा चाकू. नवा करून घेतला."

त्यांनी मुठीवरून अंगठा फिरविला. एकदा, पुन्हा एकदा. मग म्हणाल्या, "हा ह्यांचा नव्हे रे." आम्ही समजावू लागलो, तेव्हा त्यांनी विचारले, "वितळलेला कोपरा कुठाय?"

तो कोपरा आम्हांस ठाऊक होता. एका पट्टीची कड ओघळल्यासारखी होती. आम्ही तिला डाग समजत होतो. मामी सांगू लागल्या. लष्करी क्वार्टरात नवा संसार मांडला असताना त्यांनी हा चाकू चुकून तापल्या स्टोव्हला टेकवून ठेवला होता. "माझीच करणी ती. मी घाबरून रडायला लागले, तर हे म्हणाले, बरं झालं, आता हा शंभरांत ओळखू येईल."

एवढे बोलून त्यांनी पाते कैरीवर चालविले. ते घसरले. "मूठ नवी, आणि धार नाही होय?" त्या सहज म्हणाल्या. आम्ही मुख्याध्यापक असूनही आम्हांस उत्तर सुचले नाही.

केराची टोपली अद्याप रिकामी झाली नव्हती, हे आमचे भाग्य. त्याच संध्याकाळी पुतण्याने तडा गेलेली पट्टी चिकटवून दोन्ही जुन्या पट्ट्या पूर्ववत बसविल्या. करवतीचा बेत आम्ही सोडून दिला. नवी स्प्रिंग, दातकोरणे आणि चष्म्याचा पेचकस मात्र ठेवला, कारण त्यांची उणीव खरी होती. मग आम्ही चाकू कोमट पाण्यात बुडवून पाती अनेकदा उघडमीट केली, तीस वर्षांचा मळ काढला, कोरडे करून सांध्यांत तेलाचा एकेक थेंब सोडला आणि दगडावर पाते १५ ते २० अंशांत तिरपे धरून धार लावली. जे काम सर्वांत आधी करावयाचे, ते आमच्या हातून सर्वांत शेवटी झाले.

ज्या वाचकांच्या घरी असा एखादा वडिलार्जित चाकू, अडकित्ता वा कात्री असेल, त्यांना आमची विनंती एवढीच: आधी स्वच्छता, मग धार, मग मोडले असेल तेवढेच बदला, आणि काढलेला भाग टाकण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती एकदा द्या.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. एल्सेनरची आई १९०९ साली वारली, तेव्हा त्याने तिचे 'व्हिक्टोरिया' हे नाव आपल्या मालाला दिले. १९२१ साली गंजरोधक पोलाद आले, तेव्हा त्याची खूण असलेला 'इनॉक्स' हा शब्द त्या नावास जोडून 'व्हिक्टोरिनॉक्स' झाले. पोलाद बदलले, नाव लांबले; आईचे नाव मात्र काढले गेले नाही.

मामी परवा पुन्हा येऊन गेल्या. चाकू हाती घेऊन त्यांनी अंगठा त्या कोपऱ्यावर ठेवला आणि न बोलता कैरी चिरावयास घेतली.