लुकडी पोरं आणि रक्तातली चरबी

कोपरीत संध्याकाळी वडापाव आणि चायनीज भेळेच्या गाड्यांभोवती क्लास सुटलेली मुलं उभी असतात. बहुतेक अंगाने लुकडी. त्यामुळे मुलांच्या लठ्ठपणाची बातमी आली की ती टॉवरमधल्या, गाडीने शाळेत जाणाऱ्या मुलांची समजून आपण पुढे सरकतो. आमच्या मते इथेच आपण फसतो.

केंद्र सरकारने युनिसेफच्या मदतीने २०१६ ते २०१८ या काळात देशभरातल्या मुलांचं पोषण तपासलं, रक्तासकट. ५ ते ९ वयोगटात जादा वजनाची मुलं जेमतेम ४ टक्के निघाली. पण त्याच वयात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेली मुलं ३४ टक्के! हृदयाला जपणारं एचडीएल कमी असलेली २६ टक्के. १० टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर. यातली बरीच मुलं वजनकाट्यावर सापडणारच नाहीत.

असं का, याचा माग पुण्यात लागला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी कमी भरली, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे अर्धपोटी राबणाऱ्या आईच्या पोटातच याची सुरुवात होते. पुढे त्याच मुलाला शहरात मैदा, साखर, तेल मिळालं की पोट सुटतं, हातपाय मात्र काडीच राहतात. गावकुसाबाहेरून पोटासाठी ठाण्यात आलेल्या घरांना ही आई अनोळखी नाही.

पालकांना बोल लावून भागणार नाही. दोघंही कामावर असताना पाच रुपयांचं पाकीटच हाताशी असतं. राज्याने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूडला बंदी केली. तो आदेश फाटकापाशी संपतो. आणि खरं सांगायचं तर आपल्या कार्यक्रमांत मुलांना सरबत आणि बिस्किटाचे पुडे आपणच वाटतो.

शाळेत उंची-वजन घेतात, कमर सहसा नाही. सहा वर्षांपुढच्या मुलासाठी घरी सुतळी घ्या. त्याच्या उंचीएवढी कापा, दुमडून निम्मी करा आणि बेंबीच्या जरा वर पोटाभोवती धरा. टोकं जुळली नाहीत तर डॉक्टरांकडे रक्तदाब आणि रक्तातली चरबी तपासायचा आग्रह धरा. ‘पोरगं तर बारीक आहे’ असं ते म्हणाले, तर ३४ टक्क्यांचा आकडा त्यांना सांगा.